अंकुराची वाढ

कुंडीत पेरलेले बी कसे वाढते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? आज पाहावे तो माती जरा वर उचललेली दिसते. उद्या पाहावे तो इवलासा कोंब डोके वर काढून उभा असतो. परंतु तो वर येत असताना मात्र कोणालाच दिसत नाही. वाढ इतकी सावकाश होते, की आपली दृष्टी तिथे थिटी पडते. १९१२ साली मुंबईत एका गृहस्थाने ही न दिसणारी वाढ लोकांना प्रत्यक्ष डोळ्यांनी दाखविली. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके म्हणून सारा देश त्यांना ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. तेथेच त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला आणि १८९० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा विकत घेतला. त्या काळी छायाचित्र काढणे ही मोठी खटपट होती. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली काच कॅमेऱ्यात बसवावयाची, तिच्यावर क्षणभर प्रकाश पडू द्यावयाचा, मग अंधाऱ्या खोलीत ती रसायनांत धुवावयाची. तेव्हा कोठे उजेडाच्या जागी काळोख व काळोखाच्या जागी उजेड अशी उलटी प्रतिमा उमटे. तिच्यावरून कागदावर सुलटे चित्र छापीत. एक चूक झाली, की सारी मेहनत वाया जाई. दादासाहेब चुकत होते आणि शिकत होते.

पुढे गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले. घर उजाड झाले. मग त्यांनी बडोद्यात व्यवसाय मांडला, पण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत होती, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. तोही व्यवसाय बुडाला. नंतर त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना चालविला. पण प्रकाशाने चित्र रेखण्याची ओढ काही सुटली नाही.

१९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. चित्रे हलू शकतात, तर आपल्या पुराणकथाही पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहून व जागरणे करून त्यांचे डोळे बिघडले. दृष्टी जाण्याचीच वेळ आली. उपचारांनी ती वाचली. बरे वाटताच विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. या वयात पुन्हा विद्यार्थी होण्याची त्यांना लाज वाटली नाही.

कॅमेरा घेऊन ते परतले. पण भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेण्यास आरंभ केला. यातील युक्ती समजून घ्या. मूकपटाच्या काळी पडद्यावरून दर सेकंदास साधारण १६ चित्रे सरकत. म्हणजे मिनिटाला ९६० चित्रे झाली. एका महिन्याची वाढ एका मिनिटात दाखवावयाची, तर दररोज ३२ चित्रे घेतली पाहिजेत. कॅमेरा जागचा हलता कामा नये आणि कंटाळा करूनही चालावयाचे नाही! महिनाभराहून अधिक काळ हे काम चालले. शेवटी पडद्यावर दाणा फुटला, कोंब वर आला, वेल चढू लागली. मिनिटभराचा तो लघुपट म्हणजेच ‘अंकुराची वाढ’.

तो पाहून एका धनिकाने कर्ज देऊ केले. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. इतकेच नव्हे, तर फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने तयार करणे ही कामेही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपटसृष्टीचा पाया घातला गेला. दादासाहेब मात्र शिकतच राहिले. काड्यांच्या हालचालींची गंमत दाखविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट त्यांनी त्याच एकेक चित्राच्या युक्तीने केला. १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आज घरोघरी मोबाईल आहे आणि बोटाच्या एका स्पर्शाने चित्र निघते. मीरा-भाईंदरच्या पेणकरपाड्यातील एखाद्या लहानशा घराच्या खिडकीतही कुंडी ठेवता येईल. तुम्हीही एक वाटाणा पेरा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून त्याचे एक चित्र घ्या. महिन्याने ती सारी चित्रे एकापाठोपाठ एक पाहा. अंकुर कसा वाढला, ते तुम्हांला दिसेल. आणि एकही दिवस न चुकविणे किती कठीण असते, तेही कळेल.