व्हिसा नको, पण परवानगी हवी

चाकणला २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे मोटारींचे कारखाने सुरू झाले. या कारखान्यांमुळे परदेशी अभियंते इकडे येतात, इकडचे अभियंते तिकडे जातात. रहाटणी-चाकण भागातील काही घरांतली माणसे दुबई, लंडन, अमेरिका येथेही नोकरीला आहेत. त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसा हे शब्द तुम्ही घरी ऐकले असतील. त्या दोन्हींत फरक आहे.

पासपोर्ट आपला देश देतो. आपण कोणत्या देशाचे नागरिक आहोत, हे त्यावरून कळते. व्हिसा मात्र ज्या देशात जायचे, तो देश देतो. जुन्या मराठी कागदपत्रांत प्रवासाच्या परवान्याला ‘दस्तक’ म्हणत. उर्दूत दस्तक म्हणजे दारावरची थाप! व्हिसा मागणे म्हणजे दुसऱ्या देशाच्या दारावर थाप मारणेच नव्हे काय?

काही देशांच्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. पण व्हिसा माफ असला, तरी कधी कधी आधी परवानगी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियाने अशी पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. अमेरिकेने ती २००९ मध्ये सक्तीची केली. ब्रिटनने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रथम कतारच्या नागरिकांना हा नियम लावला. ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांच्या आणि २ एप्रिल २०२५ पासून युरोपातील देशांच्या नागरिकांना तो लागू झाला.

समजा, रहाटणीचे एक कुटुंब लंडनला लग्नासाठी निघाले आहे. अब्बा, अम्मी आणि मुले यांचे पासपोर्ट भारताचे आहेत. त्यांना व्हिसा हवा. त्यासाठी अर्ज, कागदपत्रे, बोटांचे ठसे आणि काही आठवड्यांची वाट पाहणे आले. काका वीस वर्षे दुबईत राहतात. पण त्यांचा पासपोर्ट भारताचाच आहे, म्हणून त्यांनाही व्हिसाच हवा. माणूस कोठे राहतो यापेक्षा त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे येथे महत्त्वाचे असते. आत्याची मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. तिला व्हिसा लागत नाही. “मला काहीच लागत नाही,” असे समजून ती थेट विमानतळावर गेली, तर विमान कंपनी तिला विमानात बसू देणार नाही. सगळे लग्नाला पोहोचतील आणि तीच मागे राहील!

ही परवानगी मिळवणे तसे सोपे आहे. मोबाइलवरून अर्ज करायचा. पासपोर्टचे व चेहऱ्याचे छायाचित्र द्यायचे. पूर्वी एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय, अशा प्रश्नांची खरी उत्तरे द्यायची. सुरुवातीला यासाठी १० पौंड शुल्क होते. एप्रिल २०२५ मध्ये ते १६ पौंड झाले. बहुधा उत्तर लवकर येते, तरी तीन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवावेत. तान्ह्या मुलासाठीही वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा, कारण सरकारी असल्याचा भास निर्माण करून जादा पैसे घेणारेही पुष्कळ आहेत.

परवानगी दोन वर्षे चालते आणि एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येते. मात्र ती पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली असते. क्रमांक लिहिताना शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडला, तर ती निरुपयोगी ठरते. पासपोर्टची मुदत आधी संपली, तर परवानगीही तेव्हाच संपते. परवानगी हातात असली, तरी विमानतळावर उतरल्यावर अधिकारी प्रवाशाची चौकशी करू शकतात आणि प्रवेश नाकारूही शकतात.

हीच मुलगी रहाटणीला आजीकडे निघाली, तर? भारतात येण्यासाठी अमेरिकी नागरिकाला व्हिसा लागतो. पर्यटकांना घरबसल्या अर्ज करण्याची सोय भारत सरकारने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू केली. तिला इ-व्हिसा म्हणतात.