१.२० म्हणजे नेमकं किती? टाइप कास्ट आणि टाइप कन्व्हर्जन

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत "टाइप कास्ट आणि टाइप कन्व्हर्जनमध्ये फरक काय?" असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं: कास्ट आपण लिहितो, कन्व्हर्जन कंपायलर आपोआप करतो. हे उत्तर अर्धंच आहे. सी भाषेच्या मानकात कास्ट म्हणजे कंसात टाइप लिहून केलेली मागणी आणि कन्व्हर्जन म्हणजे प्रत्यक्ष होणारं काम. ते मागितल्यावर होतं, न मागताही होतं. भाषेची रचना करणाऱ्यापुढे मात्र वेगळा प्रश्न असतो. व्हॅल्यू नव्या रूपात मांडायची, की आहेत तेच बिट्स नव्या अर्थाने वाचायचे?

आपल्या धाराशिवचंच उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात मात्र एकर-गुंठे चालतात. समजा, कळंब तालुक्यात सोयाबीनच्या उत्पादनाचा सर्व्हे सुरू आहे. शेतकरी सांगतो, "एक एकर वीस गुंठे, नऊ क्विंटल झालं." तुम्ही वहीत लिहिता १.२०. आता या आकड्याचं दोन प्रकारे काही करता येतं.

पहिला प्रकार: ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण ६० गुंठे, म्हणजे साधारण ०.६१ हेक्टर. आकडा बदलला, जमीन तेवढीच राहिली. हे कन्व्हर्जन.

दुसरा प्रकार: आकडा तसाच ठेवून कॉलमवर 'हेक्टर' लिहिलं. आकडा तोच राहिला, जमीन मात्र जवळपास तीन एकर झाली! हे बिट्स तेच ठेवून अर्थ बदलणं. हेक्टरी उत्पादन पहिल्या हिशोबाने सुमारे १४.८ क्विंटल येतं, दुसऱ्याने ७.५. प्रोग्राम कुठेही एरर देणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही फ्लोटच आहेत.

संगणकातही असंच होतं. ३२ बिटचा फ्लोट १.० इंटिजरमध्ये कन्व्हर्ट केला की १ मिळतो. पण तेच ३२ बिट्स इंटिजर म्हणून वाचले तर १०६५३५३२१६ मिळतात. मेमरीतला एकही बिट हललेला नसतो.

सीच्या कास्टची अडचण इथेच आहे. संख्येवर वापरला तर तो व्हॅल्यू बदलतो, पॉइंटरवर वापरला तर बहुतेक वेळा फक्त वाचण्याची पद्धत बदलतो. लिहायची पद्धत एकच, कामं दोन. म्हणून सी प्लस प्लसमध्ये 'स्टॅटिक कास्ट' आणि 'रीइंटरप्रेट कास्ट' असे वेगळे शब्द आले, म्हणजे धोक्याची जागा वाचतानाच डोळ्यांत भरते. गो भाषेत 'कन्व्हर्जन' वेगळं आणि इंटरफेसमधला खरा टाइप तपासणारं 'टाइप असर्शन' वेगळं. जावात ऑब्जेक्टचा डाउनकास्ट ऑब्जेक्टला हातही लावत नाही. तो फक्त "हा ऑब्जेक्ट त्या टाइपचा आहे" असा दावा असतो आणि दावा खोटा निघाला तर प्रोग्राम चालू असताना एक्सेप्शन येतं. पायथॉनच्या टायपिंग मॉड्यूलमधला 'कास्ट' तर तेवढीही तपासणी करत नाही. दिलेली व्हॅल्यू जशीच्या तशी परत देतो.

मग कन्व्हर्जन सुरक्षित आणि कास्ट धोकादायक, असं म्हणायचं का? तसंही नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. ६४ बिटच्या फ्लोटमधली संख्या १६ बिटच्या इंटिजरमध्ये कन्व्हर्ट होत होती आणि ती ३२७६७ या मर्यादेत मावली नाही. तिथे अर्थ बरोबर होता, जागा अपुरी पडली.

तेव्हा कुठलीही भाषा अभ्यासताना तीन प्रश्न विचारा. बिट्स बदलतात का? माहिती हरवू शकते का? चुकलं तर कळतं कधी: कंपाइल करताना, चालवताना, की कधीच नाही?

स्वतःच्या डेटावरही हेच लागू आहे. नमपायमध्ये 'ॲसटाइप' व्हॅल्यू कन्व्हर्ट करतं, 'व्ह्यू' तेच बाइट्स नव्या टाइपने वाचतं. आणि सर्व्हेच्या फाइलमध्ये एकर आणि गुंठे दोन वेगळ्या कॉलममध्ये घ्या, हेक्टरचा तिसरा कॉलम सूत्राने काढा, मूळ आकडे पुसू नका. उद्या गाईडने विचारलं, "हे ०.६१ कुठून आलं?" तर दाखवायला ते असले पाहिजेत.