आधी नळ, मग हॉल

घर विकावयास निघालेला मनुष्य गिऱ्हाइकास प्रथम दिवाणखाना दाखवितो, खिडकी उघडून वारा कसा खेळतो ते सांगतो आणि गैरसोयीच्या गोष्टी शक्य तितक्या उशिरा दृष्टीस पडतील अशी तजवीज ठेवतो, ही रीत सर्वत्र आढळते. लातूरच्या औसा रस्त्यावरील एका नव्या इमारतीत नात्यातील मंडळींबरोबर गेलो असता मात्र घर दाखविणारे गृहस्थ कुलूप काढून सरळ स्वयंपाकघरात शिरले, ओट्याजवळची तोटी त्यांनी पूर्ण उघडली आणि धार एकसारखी पडू लागेपर्यंत एक शब्दही न बोलता तेथे उभे राहिले. मग ओला हात रुमालाला पुसून म्हणाले, "आधी नळ, मग हॉल. चला आता." त्या दिवशी घराचा व्यवहार जमला नाही, परंतु या माणसाचे काम जवळून पाहावे अशी इच्छा माझ्या मनात उत्पन्न झाली आणि पुढे सवड मिळेल तसा मी त्यांच्या मागे हिंडलो.

त्यांना सगळे मामा म्हणतात. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, पायात साधी चप्पल आणि शर्टाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. पूर्वी ते बाजार समितीच्या आवारात एका अडत दुकानावर मुनीम होते. तुरीच्या व सोयाबीनच्या पट्ट्या लिहिण्यात ज्याची वीस-बावीस वर्षे गेली, त्याच्या हाताला हिशेबाची शिस्त कायमची लागते. मामांची वही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक मिळकतीपुढे दिशा, मजला, बोअरची खोली, फेरफाराची स्थिती असे रकाने पाडलेले आहेत, व प्रत्येक गिऱ्हाइकापुढे अंदाजपत्रकाच्या आकड्यानंतर एक शेवटचा रकाना आहे: "हो कोण म्हणणार?" त्यात कोठे 'आई', कोठे 'थोरली सून', एके ठिकाणी 'बारावीची मुलगी' असे लिहिलेले होते, पैसे मोजणाऱ्या कर्त्या पुरुषाचे नाव त्या रकान्यात मला क्वचितच दिसले. मी कारण विचारले तेव्हा मामा म्हणाले, "पैसा बाप्याचा असला तरी घरात दिवसभर कोण राहतंय? तिला पटलं तर उठतं, नाहीतर चाळीस दाखवा."

चाळीस हा त्यांचा ठरलेला आकडा. चाळीस घरे दाखवावीत तेव्हा एक उठते, असा त्यांचा अनुभव आहे, आणि तो ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पेरलेल्या प्रत्येक दाण्याचे कणीस होत नाही हे शेतकरी ज्या शांतपणाने सांगतो, त्याच शांतपणाने सांगतात.

नळापासून आरंभ करण्याचे कारण लातूरकरास समजावून सांगावे लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शहराला पाणी पाजण्यासाठी मिरजेहून रेल्वे आणावी लागली. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, पुढे एका खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले. ते दिवस ज्या गृहिणींनी घागरी मोजून काढले, त्यांना दिवाणखान्यातील छताच्या नक्षीचे कौतुक फार काळ वाटू शकत नाही. "बोअर किती फुटावर हाय? उन्हाळ्यात किती वेळ चालतंय? टाकी कुठं?" हे प्रश्न अगदी ठरल्यासारखे येतात. मामा खोटे उत्तर देत नाहीत. वैशाखात ज्या इमारतीला टँकर लागतो तेथे ते टँकर लागतो असेच सांगतात आणि महिन्याचा खर्चही सांगतात. असे सांगून गिऱ्हाईक हातचे जात नाही काय, असे मी विचारले. ते म्हणाले, जाते. पण ज्याला खरे सांगितले तो चार वर्षांनी मेव्हण्याला घेऊन येतो.

नव्या घराला एक वास असतो. पुट्टी, ओला रंग, दाराचे ताजे पॉलिश आणि कोठेतरी राहून गेलेली सिमेंटची ओल यांचा तो मिश्र वास अनेकांना उग्र वाटतो. परंतु भाड्याच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेली माणसे उंबऱ्यातच थांबून तो छाती भरून घेतात, हे मी पुनःपुन्हा पाहिले. पती-पत्नी मोकळ्या खोलीत उभे राहून हवेतच कपाट ठेवतात, पलंग सरकवतात, देवघर कोणत्या कोपऱ्यात यावर हलक्या आवाजात वाद घालतात. त्या वेळी मामा मुद्दाम सज्जात जाऊन उभे राहतात. "भांडण लागलं की समजायचं, घर आवडलं," असे ते म्हणतात.

या व्यवसायातील विनोद पुष्कळ आहे आणि तो निर्मळ आहे. दिशेचा प्रश्न घ्या. पूर्वी शास्त्रीबुवांना विचारून यावे लागे, आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होकायंत्र आहे. एकाच उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या तीन भावांच्या तीन यंत्रांनी तीन दिशा दाखविल्या आणि अखेर धाकट्याने सूर्याकडे बोट करून तंटा मिटविला, हा प्रसंग माझ्यासमोर घडला. दक्षिणमुखी घर चांगले असूनही पडून राहते. पितृपक्षात वही मिटलेली असते आणि सर्वपित्री अमावास्या सरताच दसऱ्याचा मुहूर्त साधावयास एकच झुंबड उडते. जुने घर विकणाऱ्यांची तऱ्हा याहून न्यारी. इसार घेतल्यावर एका वृद्ध शिक्षकांनी परसातले लिंबाचे झाड खरेदीतून वगळावे असा आग्रह धरला. झाड उपटून नेता येत नव्हते आणि सोडवतही नव्हते. घेणाऱ्या बाईंनी, दर मोसमात पाटीभर लिंबे गुरुजींच्या घरी पोहोचतील असा शब्द दिला, तेव्हाच सही झाली. करारनाम्यात अशा कलमाला जागा नसते. मामांनी ते आपल्या वहीत लिहून ठेवले आहे.

लातूरमध्ये आणखी एक प्रकार आहे, जो अन्यत्र इतक्या प्रमाणात पाहावयास मिळत नाही. अकरावी-बारावीच्या शिक्षणासाठी परभणी, बीड, धाराशिव, नांदेड येथून येणाऱ्या मुलांबरोबर त्यांच्या आयाही येतात, आणि ज्यांना साधते ते वडील भाडे भरण्यापेक्षा लहानसे घरच विकत घेतात. मुलगा वैद्यकीय महाविद्यालयात गेला की घर पुन्हा विक्रीस निघते. असे एक दोन खोल्यांचे घर मामांनी तीनदा विकले आहे. त्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली रसायनशास्त्राची सूत्रे कोणत्याही मालकाने पुसली नाहीत. तेथे राहिलेली दोन्ही मुले डॉक्टर झाल्याने घराला चांगला गुण आहे अशी ख्याती झाली व दक्षिणेचे दार असूनही ते हातोहात उठले. मामांना स्वतःलाही परीक्षा चुकली नाही. महाराष्ट्रात स्थावर संपदेचा कायदा १ मे २०१७ पासून अंमलात आला व मध्यस्थांना नोंदणी सक्तीची झाली. पुढे २०२३ पासून त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. मुलगी नीटच्या अभ्यासाला बसे तेव्हा तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूस मामा कलमे पाठ करीत. उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र त्यांनी चौकटीत बसवून देवघराशेजारी लावले आहे.

नांदेडला मी गेलो तो मामांच्या ओळखीने. तेथील त्यांचे स्नेही तरोड्यापासून सिडकोपर्यंतच्या मिळकती पाहतात. त्या शहरात पाण्याचा प्रश्न उलटा आहे. श्रावण-भाद्रपदात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी घाटांच्या पायऱ्या सोडून वर येते, म्हणून नदीकडच्या भागात गिऱ्हाईक नळ उघडीत नाही. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पुराची खूण शोधते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत व शंभर वर्षांतून एकदा येणारा लाल रेषेपर्यंत पोहोचेल असे धरलेले असते. भूखंड कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे हे पाहिल्याखेरीज इसार देऊ नये, असे हे गृहस्थ प्रत्येकास बजावतात.

कागदपत्रांचे जंगल मात्र नांदेडात अधिक दाट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि जुने दफ्तर उर्दूत आहे. मूळ मालकी शोधावयाची तर १९५४ च्या सुमारास तयार झालेल्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत जावे लागते, इनामाची जमीन असल्यास त्याहूनही मागे, आणि मग उर्दू वाचणारा जाणकार गाठावा लागतो. त्यात गुंठेवारीची भर. शेताचे तुकडे पाडून, बिनशेती परवानगीवाचून, केवळ बाँडपेपरवर विकलेले भूखंड नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला. तरीही वारसांची नावे न लागलेली, हद्दी न मोजलेली, चतुःसीमा भलत्याच लिहिलेली प्रकरणे अद्याप निघतात. आयुष्याची पुंजी अशा कागदावर लावलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि म्हणून 'रोड टच प्लॉट' अशी पाटी लावून चतुःसीमा दाखविण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याविषयी माझ्या मनात क्षमा नाही.

आता ज्या प्रसंगाकडे मन वारंवार वळते तो सांगतो. औसा तालुक्यातील एक कुटुंब लातुरात घर शोधीत होते. मुलगा नोकरीस, सून शिक्षिका, आणि बरोबर ऐंशीच्या घरातली आजी. मामांच्या वहीत शेवटच्या रकान्यात 'आजी' असे लिहिलेले होते. प्रत्येक घरात त्या बाई मध्यभागी उभ्या राहत, मान वर करून छताकडे पाहत आणि विचारीत, "लेकरा, वर माती तर न्हाई ना?"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली, तेव्हा गणपतीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. शासकीय नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. या भागातले जुने घर म्हणजे माळवद: दगड आणि मातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यांवर किलचण आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात जो गारवा असे तो आजच्या यंत्रांनाही साधत नाही. पण पावसाळ्यापूर्वी गळती बुजविण्यासाठी दरवर्षी नवी माती पडे, थरावर थर चढत आणि घरातल्यांच्या डोक्यावरचे ओझे पिढ्यानुपिढ्या वाढत जाई. त्या पहाटे भिंती फुटल्या व ते सारे ओझे निजलेल्या माणसांवर आले. आजींच्या घरातले कोण गेले हे मी विचारले नाही.

मामांनी "सिमेंटचा स्लॅब आहे, आजी" असे एका वाक्यात सांगून विषय संपविला असता तरी चालले असते. त्यांनी तसे केले नाही. बाजूच्या अपुऱ्या इमारतीत त्यांना हात धरून नेले, जेथे गज अद्याप उघडे होते, आणि खांबातला गज तुळईत कसा वाकवून घेतला आहे, तुळईतला स्लॅबमध्ये कसा शिरला आहे, हे एकेका गजावर बोट ठेवून दाखविले. आजींनी ते गज स्वतः चाचपले. मग एवढेच म्हणाल्या, "बरं हाय. पण खालचंच घर बघ. वरून पळता येत न्हाई." त्या दिवसापासून मामांनी त्यांना वरच्या मजल्यावरचे एकही घर दाखविले नाही, जरी त्यांच्यापाशी विक्रीस असलेली बहुतेक घरे वरचीच होती व तळमजल्याच्या घरासाठी आणखी दोन महिने थांबावे लागले.

ते घर मिळाले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे घेण्याचे काम थोडक्यात उरकले. खरेदीखत सुनेच्या नावे झाले. महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, हे मामांनीच सुचविले होते. आपले नाव छापील कागदावर 'लिहून घेणार' या शब्दांपुढे पाहून त्या शिक्षिकेने ते दोनदा वाचले. बाहेर पेढे वाटले गेले. आजींनी पहिला पेढा मामांच्या हातावर ठेवला.

मामांची दलाली ठरलेली असते, दस्तापूर्वी ती सर्वांना मान्यही असते. परंतु दस्त नोंदला गेला की पुष्कळांना ती एकाएकी जड वाटू लागते, कोणी निम्म्यावर आणतो, कोणी पुढच्या महिन्यावर ढकलतो, आणि मामा भांडत नाहीत. वाचकांपैकी जे कोणी घर घेण्याच्या विचारात असतील त्यांना माझी विनंती आहे. मध्यस्थाचा महारेरा नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा, फेरफार व चतुःसीमा स्वतः वाचाव्या, नळ उघडून पाहावा, छताविषयी आजीबाईंना बोलू द्यावे. आणि मनुष्य खरा निघाला तर त्याची ठरलेली रक्कम दस्ताच्याच दिवशी पूर्ण द्यावी. न उठलेल्या एकोणचाळीस घरांचे हेलपाटे तिच्यातच धरलेले असतात.