प्लायवुडची कंबर
(लेखांक ६)

मागच्या भागात आल्व्हार आल्टोची पाइमिओ खुर्ची पाहिली. तिची बैठक म्हणजे प्लायवुडचा एक सलग पट्टा. वरच्या आणि खालच्या टोकाला तो गुंडाळी घेतो, पण वळतो एकाच दिशेने. खरी कसोटी लागते ती एकाच वेळी दोन दिशांना वळण हवे असते तेव्हा.

विनियरच्या पातळ थरांना ग्लू लावायचा, लगतच्या थरांतले तंतू एकमेकांना आडवे येतील असे ते रचायचे आणि साच्यात दाबायचे. ग्लू सुकला की कमान कायमची. मात्र माणसाच्या पाठीला नि मांडीला खोलगट आकार लागतो. पळसाच्या पानाचा द्रोण करताना कडेला चुणी पडतेच आणि तिथे काडी टोचावी लागते. लाकडाला चुणी घालता येत नाही. ते तडकते.

चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांना याचा अनुभव १९४० सालीच आला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या स्पर्धेत त्यांच्या एकसंध बैठकीच्या खुर्च्या पहिल्या आल्या, पण लाकूड उघडे ठेवण्याजोगे निघेना, म्हणून वर कापड चढवावे लागले. पुढे ईम्स दांपत्याने अमेरिकी नौदलासाठी जखमी पायाला बांधायच्या प्लायवुडच्या पट्ट्या केल्या. त्यांत जागोजागी भोके आणि खाचा आहेत. बँडेज त्यांतूनच ओवायचे, आणि वळताना लाकडावर येणारा ताणही तिथेच मोकळा व्हायचा. युद्धानंतरच्या एलसीडब्ल्यू खुर्चीत तर त्यांनी एकसंधपणाचा हट्टच सोडला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, सांध्यात रबराच्या चकत्या. त्या चकत्यांमुळे टेकल्यावर पाठ किंचित मागे झुकते. या खुर्चीचा आराम या तडजोडीतूनच आला आहे.

डेन्मार्कच्या आर्ने याकोबसेनने १९५२ मध्ये बैठक आणि पाठ पुन्हा एका तुकड्यात आणली. नोव्हो या औषधकंपनीच्या कॅन्टीनसाठी केलेली ही ‘मुंगी’ खुर्ची. विनियरचे नऊ थर, तीन बारीक पाय, ना हात ना गादी. बैठक जिथे पाठीकडे वळते, नेमके तिथलेच लाकूड दोन्ही बाजूंनी कापून काढले आहे. ज्या भागात तडा जायचा तो भागच ठेवला नाही! बारीक कंबर दिसायला डौलदार आहेच, पण आधी ती गरज होती.

जपानच्या सोरी यानागीने १९५४ च्या ‘फुलपाखरू’ स्टुलात वेगळी वाट धरली. हुबेहूब सारखे दोन वळवलेले तुकडे समोरासमोर, त्यांना जोडणारी पितळी दांडी. एकाच साच्यातून अख्खे स्टूल निघते.

दोन दिशांच्या वळणाचे कोडे अलीकडे बरेचसे सुटले आहे. विनियर आधी अगदी बारीक पट्ट्यांत चिरतात आणि मागून धाग्यांनी धरून ठेवतात. साच्यात दाबताना पट्ट्या एकमेकींवरून जराशा सरकतात आणि लाकूड वाटीसारखे खोलगट बसते. कोम्प्लोट या डॅनिश जोडीची २००३ ची गुबी खुर्ची अशीच घडली. ती हाताला सुरेख लागते. तरीही अभ्यासाला बसणाऱ्याने आधी मुंगीच उलटी करून पाहावी. तिच्या कडेला नऊही थर मोजता येतात.

पुढच्या भागात: एका अखंड फळीतून कापलेली जेराल्ड समर्सची आरामखुर्ची.