डायटमचे मेद व त्यांची विषारीता

प्रस्तावना :
सागरी प्लवकांचे विष पेशीत तयार स्वरूपात साठलेले असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. १९८३ मध्ये मंगळूरजवळ कुंबळे येथे शिंपले खाल्ल्याने झालेली पक्षाघाती विषबाधा या गृहीतकात बसते. अशा विषबाधेस कारणीभूत ठरणारे सॅक्सिटॉक्सिन प्लवकाच्या पेशीत आधीच असते व शिंपल्यांत साठत जाते. डायटम या वनस्पतिप्लवकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

मेदापासून विष :
गोव्याच्या मांडवी-झुआरी खाड्यांत विपुल आढळणारा स्केलेटोनेमा हा डायटम अखंड असताना पौष्टिक अन्नच होय. त्याच्या पटलांतील गॅलॅक्टोलिपिडे व फॉस्फोलिपिडे यांत आयकोसापेंटाईनोइक आम्लासारखी (इपीए) बहुअसंतृप्त मेदाम्ले असतात. माशांच्या तेलात आपण ज्याचे गुणगान करतो, तेच हे आम्ल! कोपेपॉडने पेशी चावून फोडली की लायपेज विकर मेदाम्ले मोकळी करते, लिपॉक्सिजिनेज त्यांना ऑक्सिजन जोडते आणि पुढील विकर त्यांचे तुकडे करून हेप्टाडायीनालसारखी अल्डिहाइडे बनवते. हे सारे काही सेकंदांत सुरू होते. खाणारी मादी सहसा मरत नाही. तिची अंडी उबण्याचे प्रमाण घटते. एड्रियाटिक समुद्रातील असे निष्कर्ष १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र २००२ मध्ये त्याच नियतकालिकातील अनेक सागरी क्षेत्रांच्या अभ्यासात डायटमचे आधिक्य आणि अंडी उबण्याचे प्रमाण यांत असा सर्वसाधारण संबंध आढळला नाही. म्हणून प्रयोगशाळेतील परिणाम खुल्या समुद्राला सरसकट लावणे योग्य नव्हे.

नमुन्याचा प्रश्न :
गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. पण नवेगाव बांधासारख्या तलावांतील प्लवकांचे नमुने आपले विद्यार्थी घेतात. गोड्या पाण्यातील डायटमच्या थरांतही पेशी फुटल्यावर सुटणारे मुक्त इपीए भक्षकास मारक ठरते, असे २००१ मध्ये दाखवले गेले. अडचण अशी की काठावरच फॉर्मेलिन घातले, तर विकरे निष्क्रिय होतात. असा नमुना गणनेस उत्तम, या अभ्यासास निरुपयोगी. जिवंत पेशी थेट क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये टाकल्यासही बहुतांशी मूळ मेदच हाती लागतात. शिवाय सॅक्सिटॉक्सिन जलविद्राव्य असल्याने क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतच नाही. तेव्हा 'मेद-अर्क निर्विष' म्हणजे 'प्लवक निर्विष' असे प्रबंधात लिहिता येत नाही. त्यासाठी जिवंत नमुन्याचे दोन भाग करावेत : एक सरळ द्रावकात घालावा, दुसरा पाण्यात चिरडून, काही मिनिटे तसाच ठेवून, मग अर्क काढावा व दोहोंची तुलना करावी.