आजीची परीक्षा कोरकूत घ्या

‘आज तारीख कोणती? शंभरातून सात वजा करत चला. एक वाक्य लिहून दाखवा.’ स्मृतिभ्रंशाची शंका आली की जगभर असे प्रश्न विचारले जातात. ही चाचणी १९७५मध्ये अमेरिकेत तयार झाली. चिखलदरा तालुक्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या कोरकू आजीला हेच प्रश्न मराठीतून विचारले, तर ती हमखास नापास होणार. त्यातून तिचं शिक्षण कळेल, स्मरणशक्ती नाही. त्यात कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीचं कूळच वेगळं.

ही अडचण हरियाणातल्या बल्लभगडमध्ये १९९०च्या दशकात आली. संशोधकांनी तिथल्या निरक्षर वृद्धांसाठी चाचणीच बदलली. शंभरातून सात वजा करण्याचा प्रश्न बदलला. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात मूलनिवासींसाठी कंगवा, काडेपेटी, पाणी प्यायचा मग अशा वस्तू दाखवून नंतर आठवायला लावतात. ‘हा पेन्शनचा आठवडा आहे का?’ असंही विचारतात. या मापाने मोजलं, तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या मूलनिवासींमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १२.४ टक्के निघालं. देशाच्या सरासरीच्या ते पाचपटीहून जास्त होतं. आजार होताच, तो दिसायला योग्य माप लागलं.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. दुसरीकडे, हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडल्याचं २०१३मध्ये दिसलं. निरक्षरांतही फरक होताच. घरी कोरकू आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्यांना याचा फायदा होतो का, हे शोधायचं तरी कोरकू चाचणीच हवी.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसरभोळेपणा सोडून देणं सोपं. पण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असेल, तर उपचाराने फरक पडतो. मोतीबिंदूमुळे दिसत नसेल किंवा ऐकू येत नसेल, तरी माणूस गोंधळलेला वाटतो. हे ओळखायला घाट उतरून परतवाडा-अमरावती गाठायची पहिली गरज नाही. गावातली कोरकू बोलणारी आशा सेविका घरी जाऊन चार वस्तू दाखवू शकते, ‘निराधारचे पैसे आले का?’ विचारू शकते, डोळे-कान पाहू शकते. शंका आली, तर मगच पुढे पाठवावं आणि सोबत भाषा जाणणारं माणूस द्यावं. नाहीतर दवाखान्यात पुन्हा तोच प्रश्न: आज तारीख कोणती?