बॉयलरला परीक्षा, घराला केवळ सही

१८६३ मध्ये कलकत्त्यात एका बॉयलरचा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी बंगालच्या कायदेमंडळाने कायदा करून त्या शहरातील बॉयलरांची तपासणी सक्तीची केली. १९२३ मध्ये हा विषय अखिल भारतीय कायद्याच्या कक्षेत आला आणि २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. या परंपरेमुळे आज कारखान्यात बॉयलरची देखरेख करणाऱ्या कामगारालाही परीक्षा देऊन योग्यतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. मात्र त्याच कामगाराचे कुटुंब ज्या चार मजली इमारतीत राहते, तिच्या मजबुतीची ग्वाही देणाऱ्या माणसाने तशी कोणतीही परीक्षा दिलेली असेलच, असे नाही.

सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी असा देशव्यापी कायदा आजही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत व्यावसायिकांची पात्रता कशी असावी याचे मार्गदर्शन आहे. परंतु संहिता ही मूलतः शिफारस असते. ती कितपत स्वीकारायची, हे राज्ये आणि नगरपालिका ठरवतात. परिणामी, संरचना अभियंत्यांची नोंदवही प्रत्येक शहराची वेगळी आणि तिचे निकषही वेगळे. बहुतेक ठिकाणी पदवी आणि अनुभवाची वर्षे पाहिली जातात. जुन्या काँक्रीटचे दुखणे ओळखता येते की नाही, हे कोणी विचारत नाही.

पालिकेचा इमारत निरीक्षक काय पाहतो, हेही समजून घेतले पाहिजे. सामासिक अंतर सोडले आहे का, मजले मंजुरीइतकेच आहेत का, वाहनतळाची जागा बळकावली आहे का, हे तो पाहतो. खांबातील गज आणि काँक्रीटचा कस हा त्याच्या तपासणीचा विषय सहसा नसतो. त्यासाठी कागदावर संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडलेले असते. सेवेत असताना माझ्यापुढे आलेल्या एका फायलीत एकाच अभियंत्याने एकाच दिवशी तीन दूरदूरच्या गावांतील इमारतींच्या मजबुतीची प्रमाणपत्रे दिली होती. नियमाने कागद पूर्ण होते. तो माणूस त्या तिन्ही जागी गेला होता का, हे विचारणारा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

अशा सह्यांची किंमत देशाने मोजली आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकींच्या तळमजल्यावर वाहनांसाठी भिंतींविना नुसतेच खांब उभे होते. पुढे २००६ मध्ये गुजरातने व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. देशाने मात्र तो धडा गिरवला नाही.

१० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्राममधील एका उंच इमारतीत सहाव्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन कोसळला आणि दोन महिलांचा मृत्यू झाला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. नंतर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा काँक्रीटमधील क्लोराइडने गज गंजल्याचे निष्पन्न झाले. क्लोराइड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुठला नमुना घ्यायचा आणि कोणती चाचणी करायची, हे शिकलेल्यालाच तो सापडतो. ते ज्ञान तेथे पोहोचले, ते दोन जीव गेल्यानंतर.

मुंबईचा अनुभव वेगळ्या अंगाने बोलका आहे. तेथे महापालिका अधिनियमातील कलम ३५३-ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींना नोंदणीकृत अभियंत्याकडून स्थैर्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु पुनर्विकास हवा असलेला मालक इमारत धोकादायक असल्याचा अहवाल आणतो आणि बेघर होण्याच्या धास्तीने भाडेकरू ती दुरुस्त होऊ शकते असा दुसरा अहवाल आणतात. अशा परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करण्यासाठी महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली. तपासणाऱ्याची निवड आणि त्याचे शुल्क हितसंबंधी पक्षाच्या हाती असले, की निदान बदलते.

रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनेतील दोष स्वखर्चाने दूर करण्याची जबाबदारी विकासकावर टाकली. मात्र तडा गिलाव्याचा आहे की संरचनेचा, हे ठरवणारा विश्वासार्ह माणूस सामान्य खरेदीदाराने आणायचा कोठून?

इमारतींचे नियमन हा राज्यांचा आणि पालिकांचा विषय आहे, असे उत्तर दिल्लीत नेहमी मिळते. बाराव्या अनुसूचीत तो आहेच. पण राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील २६ व्या नोंदीत ‘कायदा, वैद्यक व इतर व्यवसाय’ हा विषय आहे. इमारत पालिकेची राहो. ती तपासणाऱ्याची पात्रता संसद ठरवू शकते.

अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिल ही संस्था निवासी इमारत निरीक्षकांची परीक्षा घेते. संहितेचे पुस्तक समोर ठेवून ती देता येते, कारण नियम पाठ असण्यापेक्षा तो शोधून लागू करता येणे महत्त्वाचे. दर तीन वर्षांनी नव्या शिक्षणाचा पुरावा देऊन प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर हवी. प्रत्यक्ष इमारतीवरील चाचण्यांची प्रात्यक्षिक परीक्षा असावी आणि निरीक्षकाची नेमणूक सार्वजनिक यादीतून क्रमाने व्हावी. शुल्क मालकाने भरावे, पण माणूस त्याने निवडू नये. आणि प्रत्येक अहवालावर भेटीची तारीख, केलेल्या चाचण्या व परवाना क्रमांक असावा.

यातून नवे ‘इन्स्पेक्टर राज’ येईल, ही भीती निराधार नाही. मी ते राज आतून पाहिले आहे. ते फोफावते, कारण अधिकार असतो आणि उत्तरदायित्व नसते. आज सही करण्याचा अधिकार आहेच. प्रश्न फक्त ती करणाऱ्याला जबाबदार धरण्याचा आहे. लहान शहरांत पुरेशी माणसे मिळणार नाहीत, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्यासाठी सुरुवात दाटीवाटीच्या महानगरांतून आणि भूकंपप्रवण क्षेत्रांतून करावी लागेल.

कलकत्त्यातील स्फोटानंतर परकीय सत्तेला कायदा करायला एक वर्ष लागले. अहमदाबादच्या इमारती पडल्याला पाव शतक होत आले आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)